दारू पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी आधारगट: कुठे शोधावा, कसे बसावे आणि नसेल तर कसा सुरू करावा

आमच्या साताऱ्यातील गटात पहिल्यांदा येणारी बाई चप्पल काढता काढताच विचारते, ‘इथं आल्यावर त्यांची सुटेल ना हो?’ दारू हा शब्दसुद्धा ती उच्चारत नाही. अठरा वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घेऊन आले होते. माझे पती सैन्यातून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा कँटीनचा महिन्याचा कोटा कपाटात असे आणि तो संपला की बाहेरून येई. मी बाटलीवर बॉलपेनने बारीक रेघ मारून ठेवत असे, रोज सकाळी ती रेघ पाहत असे आणि तिच्यावरून माझा दिवस कसा जाणार हे ठरत असे. ते आज पितात की नाही, हे मी या लेखात लिहिणार नाही, कारण ते सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे. मात्र रेघ मारणे मी कसे थांबवले आणि त्यासाठी मला इतर माणसांची गरज का पडली, हे मी सांगू शकते. सातारा-सांगलीकडच्या कुणाला हाच रस्ता धरायचा असेल, तर त्याने सुरुवात कुठून करावी, हेही सांगू शकते.

त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते टाळले तर पुढचे सगळे फसवे ठरेल. गटात तुम्ही गेलात म्हणून घरातल्या माणसाची दारू सुटेल, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. १९९९ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांनी १३० कुटुंबीयांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मार्गदर्शन मिळालेल्या घरांची तुलना होती. आधारगटाकडे वळवलेल्या कुटुंबांतील पिणारा माणूस उपचाराला तयार होण्याचे प्रमाण १३ टक्के होते, घरच्यांनी एकत्र जमून त्याला समोर बसवून बोलण्याच्या पद्धतीत ते ३० टक्के होते आणि ‘क्राफ्ट’ नावाच्या पद्धतीत, म्हणजे घरच्यांना वागण्याबोलण्याचे शिस्तशीर प्रशिक्षण देण्याच्या पद्धतीत, ते ६४ टक्के होते. हे आकडे मी मुद्दाम सांगते. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: कुटुंबीयांची स्वतःची मनःस्थिती आणि घरातले संबंध तिन्ही पद्धतींत जवळपास सारखेच सुधारले. त्याला उपचारापर्यंत कसे न्यावे, हे समुपदेशकाकडून शिकायचे असते. गटात यायचे ते स्वतःसाठी.

हे गट आहेत तरी काय

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, ज्याला आपल्याकडे सगळे ‘ए.ए.’ म्हणतात, ते १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपी माणसांच्या भेटीतून सुरू झाले. ते पिणाऱ्यांसाठी आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेले ‘अल-अनॉन’ वेगळे आहे. ते १९५१ मध्ये बिलची पत्नी लोइस आणि तिची एक मैत्रीण यांनी उभे केले. त्यामागचा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. बिलची दारू सुटलेली होती, तो रोज मीटिंगला जात होता आणि एके दिवशी ‘चल, उशीर होतोय’ एवढेच म्हणाला, तेव्हा लोइसने संतापून पायातला बूट त्याला फेकून मारला. दारू गेली होती, तरी तिचा राग जागच्या जागी होता. इतकी वर्षे त्याला सांभाळणे हेच तिचे काम होते आणि ते काम आता परकी माणसे करत होती. ज्या घरात दारू सुटली आहे त्या घरच्यांनाही गटाची गरज का असते, हे या एका बुटावरून समजते. पुढे १९५७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ सुरू झाले.

अल-अनॉनमध्ये सदस्य होण्याची अट एकच: कुणा नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या दारूचा तुम्हाला त्रास झालेला असावा. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही, डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. ए.ए.च्याच बारा पायऱ्या, म्हणजे दारूच्या त्रासातून बाहेर पडण्यासाठी क्रमाने मांडलेली बारा तत्त्वे, येथेही वाचल्या जातात आणि पहिली पायरी तीच आहे, दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करणे. पिणाऱ्याने ते म्हणणे ठीक, पण न पिणाऱ्या बाईने का म्हणावे, असा प्रश्न मला वर्षभर पडत होता. घरात लपवलेल्या बाटल्या शोधण्यात माझी किती संध्याकाळ जाते, हे एकदा वहीत लिहून काढले, तेव्हा उत्तर मिळाले.

तुम्ही इथे बसता का

अनेकांची गाडी इथेच अडते. ‘आमचे हे कमावतात, पगार घरी देतात, फक्त रात्रीची क्वार्टर घेतात, मग ते दारुडे कसे?’ असे म्हणणाऱ्या बायका गटात नेहमी येतात, आणि ‘भाऊ दारुडा आहे, पण तो वेगळा राहतो, मग माझा काय संबंध?’ असे विचारणारी माणसेही येतात. किती पितो, हे मोजायला बसू नये. स्वतःचे वागणे पाहावे. रात्री फाटकाची कडी वाजली की ती कशी वाजली, यावरून तो कसा आला आहे हे तुम्हाला कळते का? ताट झाकून ठेवल्यावर झोप लागते का? पाहुण्यांच्या लग्नाला जायचे टाळता का? ‘बरं नाही त्यांना’ असे कारखान्यात, ऑफिसात किंवा सोसायटीत तुम्ही फोन करून सांगितले आहे का? मुलांवर जो राग निघतो, तो खरोखर मुलांवरचा असतो का? यांपैकी दोन-तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ आली, तर तुम्ही यावे. पत्नीच पाहिजे असे नाही. आई, वडील, सून, बहीण, मोठी झालेली मुलगी, मित्र, एकाच दुकानात काम करणारा भागीदार, सगळ्यांना जागा आहे. घरातल्या माणसाने ‘मी व्यसनी आहे’ असे कबूल केलेले असण्याची गरज नाही, आणि तुम्ही गटात जाता हे त्याला सांगण्याचीही सक्ती नाही.

गट कुठे शोधावा

आपल्या भागात दोन प्रकारचे गट भेटतात आणि त्यांतला फरक आधी समजून घ्यावा. पहिला अल-अनॉनचा, वर सांगितला तो. दुसरा व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या घरच्यांसाठी चालवलेला. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करत आली आहे, आणि पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. केंद्राच्या गटात समुपदेशक बसतो, आजाराची शास्त्रीय माहिती मिळते आणि तुमच्या घरच्या अडचणीवर थेट सल्लाही मिळतो. अल-अनॉनमध्ये सल्ला कुणी देत नाही, तिथे फक्त आपापला अनुभव सांगतात, पण रुग्ण केंद्रात असो, नसो किंवा पळून आलेला असो, तुमची जागा तशीच राहते. जमत असेल तर दोन्हीकडे जावे. आधी केंद्राच्या गटात आजार समजून घेतला, की अल-अनॉनमधले बोलणे लवकर उमगते, असा माझा अनुभव आहे.

शोध घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तालुक्याच्या गावातला ए.ए.चा गट गाठणे. ए.ए.ची पाटी बहुधा शाळेच्या, चर्चच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर असते, आणि तिथल्या माणसांना घरच्यांचा गट जवळ कुठे भरतो हे ठाऊक असते. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. मन फारच खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेशी मराठीत बोलता येते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करावी. तिथे केसपेपर काढताना ‘पेशंट सोबत नाही, मला स्वतःला बोलायचं आहे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर ‘पेशंटला घेऊन या’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता असते.

आपल्याकडे खरी अडचण पत्त्याची नसते. ‘गाव कोणतं? आडनाव काय? म्हणजे अमक्याच्या पाहुण्यातले का?’ हे तीन प्रश्न आपण बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही विचारतो, आणि खोलीत कुणी पाहुण्यातले निघाले तर काय, ही धास्ती बायकांना सहा-सहा महिने उंबऱ्यावर थांबवते. त्यावर साधा उपाय आहे. सातारकरांनी सुरुवात कराडला करावी, सांगलीकरांनी मिरजेला किंवा तासगावला. एसटीचे तिकीट परवडते आणि ओळखीचे तोंड दिसण्याची शक्यता कमी होते. चार-सहा महिन्यांनी भीती गेली की आपल्या गावात यावे. गटात फक्त पहिले नाव सांगायचे असते, आडनाव कुणी विचारत नाही आणि खोलीत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही हा नियम आहे. आमच्याकडे एकदा खरोखरच एकीची चुलत नणंद समोर बसलेली निघाली. दोघी काही वेळ खाली पाहत राहिल्या. नंतर नणंदच म्हणाली, ‘वहिनी, मीपण त्याच कामाला आलेय.’

पहिली मीटिंग

दहा मिनिटे आधी पोहोचावे, म्हणजे उशिरा शिरल्यावर सगळ्यांच्या नजरा वळत नाहीत. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. एक मिनीट शांत बसणे, मग एखाद्या पायरीचे किंवा पुस्तिकेतील उताऱ्याचे वाचन आणि त्यानंतर ज्याला वाटेल त्याने पाच-सात मिनिटे बोलणे, ज्याला सगळे ‘शेअरिंग’ म्हणतात. दुसरे कुणी बोलत असताना मध्ये विचारायचे नाही, बोलून झाल्यावर ‘असं नव्हतं करायला पाहिजे’ म्हणायचे नाही. आपल्या बायकांना हे सर्वांत जड जाते, कारण आपल्याकडे कुणी रडले की लगेच जवळ घेऊन समजूत घालायची पद्धत आहे. इथे मात्र तिला रडू देतात. पाण्याचा तांब्या पुढे सरकवतात, आणि बस. मला पहिल्या दिवशी हा कोरडेपणा वाटला होता. पुढे कळले, की मध्येच समजूत घातली की माणूस बोलायचे थांबतो.

पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. ‘आज मी फक्त ऐकते’ एवढे पुरते. शेवटी एक प्रार्थना म्हणतात; तिचा आशय असा, की जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती मिळावी, जे बदलता येते ते बदलण्याचे धैर्य मिळावे आणि त्या दोहोंतला फरक कळावा. पायऱ्यांमध्ये ‘उच्चशक्ती’ हा शब्द येतो आणि तो काहींना खटकतो. दाभोलकरांच्या गावात तो खटकणारी माणसे असायचीच, आणि त्यांनी त्यासाठी दार लावून घेऊ नये. अल-अनॉन हा धर्म नव्हे आणि उच्चशक्तीचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो. आमच्यातले एक काका, ज्यांचा मुलगा पितो, ते देव मानत नाहीत. ते म्हणतात, ‘माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे ही समोरची दहा माणसं.’ त्यांचे पाचवे वर्ष चालू आहे.

पटले नाही म्हणून एका मीटिंगवर सोडू नये. किमान सहा मीटिंगा करून मग ठरवावे, असे अल-अनॉनमध्येच सुचवतात. पहिल्या दोन-तीन वेळा आपण दुसऱ्यांचे ऐकतच नसतो, आपल्या घरच्या कहाणीशी त्यांची तुलना करत असतो: तिचा नवरा मारतो, माझा मारत नाही, तिची शेती गेली, माझी नाही. ही तुलना थांबायला वेळ लागतो.

दोन मीटिंगांच्या मधले सहा दिवस

गटात तीन वाक्ये वारंवार कानावर पडतात: हे मी घडवलेले नाही, हे मी ताब्यात ठेवू शकत नाही, हे मी बरे करू शकत नाही. वाक्ये सोपी आहेत, घरी गेल्यावर ती हातात कशी धरायची हे अवघड आहे. मला जे जमले आणि गटातल्या बहुतेकांना जे उपयोगी पडले, ते असे.

पिऊन आलेल्या माणसाशी त्या रात्री काहीही बोलू नये. ना उपदेश, ना रडणे, ना हिशेब. त्याला सकाळी ते आठवणारही नसते आणि तुमची रात्र मात्र जाते. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर, आवाज न चढवता, एका वेळी एकाच गोष्टीवर: ‘काल रात्री तुम्ही पडलात तेव्हा बंटी जागा होता. तो शाळेत गेला नाही.’ एवढेच बोलून उठावे. ‘तुम्ही नेहमी असेच’ हे शब्द आले, की बोलणे दारूवरून तुमच्या स्वभावावर जाते. ज्या दिवशी तो पीत नाही, त्या दिवशी त्याच्याजवळ बसावे, जेवण एकत्र करावे. ‘क्राफ्ट’ पद्धतीचाही भर यावरच आहे: न पिण्याचा दिवस त्याला बरा वाटला पाहिजे. आपण बायका नेमके उलटे करतो, ज्या दिवशी तो शुद्धीवर असतो त्याच दिवशी मागचे सगळे काढतो. मी अनेक वर्षे हेच केले.

झाकणे थांबवावे. कामावर खोटा फोन करू नये, टपरीवरची त्याची उधारी फेडू नये, दिरांना ‘जरा ताप आहे’ म्हणू नये. त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचायला हवेत आणि आपण मध्ये उभे राहून ते अडवत असतो. पण याचा अर्थ त्याला तोडून टाकावे असा नाही. तो आजारी पडला तर दवाखान्यात न्यावे, भूक लागली तर जेवायला द्यावे.

पैशाबद्दल सविस्तर लिहिते, कारण गटात लोक रडण्यावर बोलतात आणि पैशावर गप्प बसतात. स्वतःच्या एकटीच्या नावे बँकेत खाते असावे आणि त्याचे एटीएम कार्ड व पिन कुणाकडेही नसावे. आपल्या भागात घरात मोठी रक्कम ठरावीक वेळीच येते: उसाचे बिल, द्राक्षाचा किंवा हळदीचा पैसा, फौजी पेन्शन, दिवाळीचा बोनस. पिणाऱ्याचा सर्वांत मोठा झटकाही याच दिवसांत येतो. बिल जमा होण्याच्या आधीच सोसायटीचा हप्ता, मुलांची फी आणि किराणा यांचे काय करायचे, हे तो शुद्धीवर असताना कागदावर लिहून दोघांनी ठरवावे. बचत गटाचे कर्ज बाईच्या नावावर निघते आणि पैसा त्याच्या हातात जातो, ही आमच्याकडची नेहमीची कहाणी आहे. असे कर्ज काढू नये, जामीनही राहू नये आणि मंगळसूत्र सोडून उरलेले सोने घरात ठेवू नये.

मुलांना सगळे कळत असते. ‘पप्पांना बरं नाही’ असे सांगितले की ती गप्प बसतात, पण घरात खोटे बोलतात हेही शिकतात. दहा वर्षांच्या मुलाला एवढे सांगता येते: ‘पप्पांना दारूचा आजार आहे. तुझ्यामुळे झालेला नाही. तू तो बरा करायचा नाहीस. रात्री भीती वाटली तर काकूकडे जायचं.’ हे चार वाक्यांचे बोलणे मी माझ्या मुलाशी फार उशिरा केले.

जिथे गट पुरत नाही

मारहाण होत असेल, तर तिथे स्वीकार आणि शांती हे शब्द लागू नाहीत. आधी सुरक्षितता, मग मीटिंग. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पाठ असावेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण देणारा २००५ चा कायदा पत्नीलाच नव्हे, तर त्याच घरात राहणाऱ्या आईला आणि बहिणीलाही लागू होतो, आणि त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, रोजच्या गोळ्या आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून ती शेजारणीकडे किंवा माहेरी ठेवावी.

तासगाव, पलूस, खानापूरकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. फवारणीची औषधे घरात, जिन्याखाली किंवा न्हाणीघरात ठेवू नका. ती शेडमध्ये कुलपात ठेवा आणि किल्ली पिणाऱ्या माणसाला न सापडेल अशी ठेवा. पिऊन आलेला माणूस भांडणाच्या भरात जे करतो, ते सकाळी त्याने केले नसते, आणि अनेकदा ती सकाळच उजाडत नाही. ‘मी मरतो’ हे वाक्य नाटक समजून सोडू नका.

रोज पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करणे धोक्याचे आहे. बंद केल्यावर काही तासांत हातपाय थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास, बडबड आणि तीव्र गोंधळ सुरू होऊ शकतो, ज्यात उपचार न मिळाल्यास जीवही जातो. त्यामुळे दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तसेच चहात किंवा भाजीत चोरून घालायची ‘दारू सोडवणारी’ औषधे कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. त्यांत डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि तो माणूस त्यावर दारू प्यायला, तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब एकदम खाली येणे असे होऊन प्राण जाऊ शकतात. हे औषध रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीनेच देतात. अंगारा किंवा शपथ यांचा आधार वाटत असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे; वारकरी माळ घालून दारू सोडलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. पण माळ घालण्याआधीचे ते चार-पाच दिवस डॉक्टरांकडेच काढावेत.

माझी एक मोठी चूक इथे सांगायला हवी. एका खासगी केंद्राच्या चार माणसांनी रात्री जीप आणून माझ्या पतीला हातपाय धरून उचलून नेले, आणि त्यासाठी मी कोऱ्या कागदावर सही केली होती. तीन महिने भेटू दिले नाही. परत आल्यावर आठव्या दिवशी ते प्यायले, आणि त्या सहीबद्दल त्यांनी मला पुढे कित्येक वर्षे माफ केले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या दुरुपयोगातून होणारे मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाच्या मनाविरुद्ध दाखल करायचे तर तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. केंद्र निवडताना नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, घरच्यांना भेटू देतात का आणि फीचा कागद देतात का, हे विचारावे. कोऱ्या कागदावर सही मागितली, तर तिथून उठून यावे.

जवळ गट नसेल तर

दोन-तीन माणसे पुरतात. अल-अनॉनच्या भारतातील सेवा कार्यालयाकडे गटाची नोंद करता येते आणि पुस्तिका मागवता येतात. सगळ्यांत जास्त विचार जागेचा करावा. कुणाचे घर नको, कारण घर म्हटले की चहा-पोहे, सासूबाई आणि शेजार आला. ग्रामपंचायतीचा हॉल नको, तिथे सगळ्यांची ये-जा असते. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, पण तिथे मुसलमान, ख्रिस्ती किंवा बौद्ध घरातली बाई येत नाही, आणि पाळीच्या दिवसांत आपल्याही काही बायका येत नाहीत. शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची मागची खोली सर्वांत चांगली. आम्ही एका शाळेचा वर्ग महिना दोनशे रुपये देऊन घेतला. मीटिंगच्या शेवटी बिस्किटाचा एक जुना डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो आणि भाडे निघते. बाहेरच्या देणग्या अल-अनॉनच्या परंपरेप्रमाणे घेत नाहीत. निवडणुकीच्या आधी एक गृहस्थ खुर्च्या द्यायला आले होते, त्यांना नम्रपणे परत पाठवले.

वेळ दुपारी तीन ते साडेचार ठेवावी. दुपारची झाकपाक झालेली असते, संध्याकाळचे पिणे सुरू झालेले नसते आणि खेड्यातल्या बायकांना उजेडात परतीची एसटी मिळते. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर आणखी बरे. घरातून निघताना कुणाला काही सांगावे लागत नाही. आमच्या खोलीत भिंतीकडेला कापडी पिशव्यांची रांग असते, त्यांतून मेथीच्या जुड्या डोकावतात. पुरुष येणारे थोडे असतात, म्हणून त्यांच्या खुर्च्या वेगळ्या कोपऱ्यात मांडू नयेत. गोल करून सगळ्यांनी मिसळून बसावे, म्हणजे मुलासाठी आलेले वडीलही बोलू लागतात. मीटिंग कुणी एकीने कायम चालवू नये, दर महिन्याला पाळी बदलावी, नाहीतर गट ‘अमक्या बाईंचा’ होतो आणि त्या आजारी पडल्या की बंद पडतो.

पहिले आठ-दहा आठवडे कुणी न येण्याची तयारी ठेवावी. कुणी आले नाही तरी ठरलेल्या वेळी दार उघडावे, दीड तास बसावे, आणि मगच कुलूप लावावे.

नवीन आलेल्या व्यक्तीला आपण फोन करू नये, कारण तो कुणाच्या हातात पडेल हे आपल्याला माहीत नसते. तिला आपला नंबर द्यावा आणि तिला जमेल तेव्हा तिने करावा असे सांगावे. तो मोबाइलमध्ये कोणत्या नावाने साठवायचा, हेही तिथल्या तिथे ठरवून द्यावे. आमच्या गटातल्या बहुतेकींच्या मोबाइलमध्ये माझे नाव ‘शिलाईवाल्या ताई’ असे आहे.